तोंडी ‘नाही’, लेखी ‘नाही’

आमच्या तालुक्याच्या कोर्टासमोर कडूलिंबाखाली एक टेबल आहे. टेबलामागं बसणाऱ्या बाईंना सगळे वकीलबाई म्हणतात. समोर कुणीही येऊन बसलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “पोच आहे का?”

मागच्या उन्हाळ्यात एक कास्तकार आला. थ्रेशरमध्ये उजवा हात कोपरापासून गेलेला. ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी असतो असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून मागायला गेला होता.

“मग? काय म्हणाले?”

“निधी नाही म्हणे.”

“कागदावर दिलं?”

“कागदावर कायले देते बाई? तोंडानंच सांगतलं. अन् वरतून म्हणे, तुले संजय गांधी निराधारचा पगार तर भेटते ना.”

वकीलबाईंनी एक कोरा कागद माझ्याकडं सरकवला. “गुरुजी, लिहा.”

मी वकील नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर आहे, तालुका विधी सेवा समितीचा विधी स्वयंसेवक म्हणून इथं बसतो. अक्षर बरं आहे, म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडं. दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणारा वकील म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काळा कोट, हायकोर्ट आणि पेपरात छापून आलेला निकाल येतो. तेही असतं, पुढं सांगतो. पण या टेबलावर बसून मला जे दिसलं ते इतकंच की या कामाचा मोठा हिस्सा तोंडी ‘नाही’ला लेखी ‘नाही’ करून घेण्यात जातो. तोंडी नकाराला तारीख नसते, सही नसते, कारण नसतं. त्यावर अपील कुठं करणार? साहेब बदलून गेले की नकारही त्यांच्यासोबत बदलून जातो आणि माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर.

पायरीवरून आठवलं. हा कायदा समजून घ्यायला पायरीइतकं सोपं उदाहरण दुसरं नाही.

दोष पायात की पायरीत?

समजा एका कचेरीला सात पायऱ्या आहेत आणि कुबड्या घेऊन आलेला माणूस खालीच थांबला आहे. जुन्या विचाराप्रमाणं त्याच्या पायात दोष आहे, त्यावर इलाज करा, नसेल होत तर कीव करा, एखादा शिपाई खाली पाठवा. नवा विचार म्हणतो की पाय आहे तसा आहे. माणूस अडला तो पायऱ्यांमुळं आणि रॅम्प नसल्यामुळं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातली व्याख्या याच दुसऱ्या विचारावर उभी आहे. दीर्घकाळाची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा इंद्रियांची उणीव आणि समोरचे अडथळे यांची गाठ पडते, त्यातून माणसाला इतरांच्या बरोबरीनं समाजात वावरता येत नाही, अशी ती व्याख्या आहे. म्हणजे अडथळा हा व्याख्येचाच भाग झाला. पायावर डॉक्टर काम करतो; पायरीवर डॉक्टरचं काम नाही, तिथं वकील लागतो.

हा विचार इथं एका रात्रीत आला नाही. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांगांच्या हक्कांचा करार मंजूर केला, भारतानं १ ऑक्टोबर २००७ ला त्याला पक्की मान्यता दिली आणि त्यानुसारचा कायदा लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. साडेनऊ वर्षं गेली मध्ये. त्याआधी १९९५ चा कायदा होता, त्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. आता २१ आहेत.

विदर्भाच्या दृष्टीनं या २१ मधला एक फार महत्त्वाचा आहे : सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, इकडं यवतमाळ, कुठंही आदिवासी किंवा दलित वस्तीत जा, सिकलसेलचं घर सापडतंच. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पोरगं हाडं दुखतात म्हणून रात्र रात्र रडतं. बाहेरून बघाल तर हात शाबूत, पाय शाबूत. गावाला ते दिव्यांग वाटतच नाही. आळशी वाटतं. २०१६ च्या कायद्यानं त्याला नाव दिलं. पण सगळं नाही दिलं, तेही पुढं येईल.

वकीलबाई

त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांनाच ते आवडायचं नाही. दोन वर्षांच्या असताना तापात डावा पाय गेला. पोलिओ. गाव रस्त्यापासून चार किलोमीटर आत. पहिली ते चौथी वडिलांच्या बंडीतून शाळा, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की ती पण बंद. पाचवीपासून तालुक्याला मावशीकडं. पायाला आधार देणारा कॅलिपर आला दहावीत असताना, एका शिबिरात मिळाला आणि मापात नव्हता. अजूनही त्या हसत हसत सांगतात : “कॅलिपर बेंबळ्याच्या कुण्या पोराचा असंल, चालवला मात्र मी तीन वर्षं.” पुढं बी.ए., मग एल.एल.बी. जिल्ह्याच्या गावी. सुरुवातीला वर्षभर एका मोठ्या वकिलांकडं बसल्या. ते त्यांना कोर्टात उभं राहूच देत नसत, म्हणायचे, “तू बस पोरी, दमशील.” कीव अशीही असते.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे गावोगावी कुबडी-कॅलिपर घेऊन फिरणारी ही पिढी त्या रोगाची शेवटची. त्यांच्यामागून जे येतात ते थ्रेशरचे, विजेच्या झटक्याचे, मोटारसायकलचे, सिकलसेलचे आणि ज्यांच्याकडं आपण आत्ताआत्तापर्यंत ‘येडं हाय ते’ म्हणून दुर्लक्ष केलं ते. मतिमंदत्व, स्वमग्नता, मानसिक आजार.

वकीलबाईंचं टेबल झाडाखाली का, याचं उत्तरही सोपं आहे. वकिलांची खोली वरच्या मजल्यावर आहे.

दाखल्याची वाट

सगळ्याची सुरुवात दाखल्यापासून. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, मग तपासणीला बोलावतात, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र. वरवर पाहता सरळ आहे. प्रत्यक्षात सकाळी सहाच्या लालपरीनं निघालेला माणूस जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचतो तेव्हा ‘कानाचे डॉक्टर आज सुट्टीवर आहेत’ किंवा ‘मशीन बंद आहे’ असं ऐकतो आणि चारच्या गाडीनं परत येतो. मजुरी बुडाली. पुन्हा पुढच्या आठवड्यात. हाही तोंडी ‘नाही’च की. वकीलबाई अशा माणसाला सांगून ठेवतात, आला होतास त्याची नोंद करून घे, ओपीडीची चिठ्ठी जपून ठेव. दाखला नाकारला किंवा टक्के कमी लावले तर त्यावर अपील करता येतं, कायद्याचं कलम ५९ त्यासाठीच आहे. पण अपील कशावर? कागदावर.

टक्क्यांचं गणित लोकांना फार छळतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर कायद्याच्या भाषेत ‘लक्षणीय दिव्यांगत्व’, आणि आरक्षणासारखे बहुतेक लाभ तिथून पुढं सुरू होतात. आता कार्डालाही रंग आले आहेत : ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं. एका बापानं हिशेब मांडला होता की पोराचा पाय ४० टक्के, डोळा ४० टक्के, म्हणजे ८०. तसं नसतं. दोन दिव्यांगत्वं असतील तर बेरजेचं वेगळं सूत्र लावतात आणि उत्तर साध्या बेरजेपेक्षा कमी येतं. त्याला हे समजावताना माझी अर्धी दुपार गेली. शेवटी तो म्हणाला, “म्हणजे सरकारच्या हिशेबात माह्या पोराचा डोळा अर्धाच गेला.” मला उत्तर सुचलं नाही.

बोगस दाखल्यांचाही विषय निघतोच. खोटा दाखला काढून लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं कलम ९१ मध्ये आहे. ते असायलाच पाहिजे. पण बोगसांची एक बातमी छापून आली की पुढचे सहा महिने प्रत्येक खऱ्या माणसाकडं चोराच्या नजरेनं पाहिलं जातं, हेही मी पाहिलं आहे.

दिल्लीतली दोन माणसं आणि नागपूरचा एक

आता कोर्टाकडं येतो, कारण झाडाखालच्या टेबलावरचे अर्ज कुणीतरी वर लढून मिळवलेल्या निकालांवर उभे आहेत.

जावेद अबिदी वकील नव्हते. जन्मापासून पाठीच्या कण्याचा विकार, पुढं आयुष्य व्हीलचेअरवर, शिक्षण पत्रकारितेचं. १९ डिसेंबर १९९५ ला त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दिल्लीत दिव्यांगांना रस्त्यावर आणलं, आणि त्याच आठवड्यात संसदेनं पहिला दिव्यांग कायदा मंजूर केला. २००१ च्या जनगणनेत दिव्यांगांची मोजणी व्हावी म्हणून ते भांडले. २००४ च्या निवडणुकीच्या वेळी मतदान केंद्रांवर रॅम्प पाहिजेत म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आज आमच्या शाळेच्या दारात सिमेंटचा जो ओबडधोबड उतार आहे, ज्यावरून पोरं सायकली सोडतात, तो मतदानासाठी झाला. २०१८ मध्ये अबिदी गेले.

दुसरे संतोषकुमार रुंगटा, एस. के. रुंगटा. दृष्टिहीन, आणि सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठ वकील. त्यांचा एक खटला मी आमच्या भागातल्या पोरांना फळ्यावर आकडे मांडून शिकवतो. १९९५ च्या कायद्यात सरकारी नोकरीत ३ टक्के आरक्षण होतं. समजा १०० जागा भरायच्या आहेत, तर ३ दिव्यांगांना. पण खाती काय करत? आधी ठरवत की या १०० पैकी दिव्यांगांना जमतील अशा जागा २०. मग त्या २० चे ३ टक्के काढत. उत्तर शून्य पूर्णांक सहा. म्हणजे एकही नाही! नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेनं हा हिशेब कोर्टात नेला. दिल्ली उच्च न्यायालयानं २००८ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं ८ ऑक्टोबर २०१३ ला सांगितलं की टक्के एकूण रिक्त जागांवर काढायचे, निवडक जागांवर नाही. कुणी कधी ‘आम्ही दिव्यांगांना घेत नाही’ असं म्हटलं नव्हतं. नकार भागाकारात लपवला होता.

नव्या कायद्यात ३ चे ४ टक्के झाले. आणि इथंच सिकलसेलची पोरं अडकतात. हे ४ टक्के वाटून दिलेले आहेत : अंध आणि अल्पदृष्टी यांना १, बहिरेपणा आणि कमी ऐकू येणाऱ्यांना १, हातापायाचं दिव्यांगत्व, कुष्ठमुक्त, बुटकेपणा, ॲसिड हल्ला, स्नायूंचा ऱ्हास यांना मिळून १, आणि स्वमग्नता, बौद्धिक, मानसिक, अध्ययन अक्षमता व बहुदिव्यांग यांना मिळून १. रक्ताचे आजार यात कुठंच नाहीत. कॉलेजात लक्षणीय दिव्यांगांसाठी ५ टक्के जागा आहेत, त्यात सिकलसेलवाला बसतो. पदवी घेऊन नोकरीच्या दारात आला की त्याच कार्डावर तो बसत नाही. हा लेखी ‘नाही’ आहे, खुद्द संसदेचा. वकीलबाईंकडं अशी दोन पोरं येऊन गेली. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही, खुल्या किंवा जातीच्या प्रवर्गातून फॉर्म भरायला लावला. माझ्या मते विदर्भातल्या आमदार-खासदारांनी या एका ओळीवर भांडायला हवं, कारण हा आजार त्यांच्या मतदारसंघात राहतो.

आणि नागपूरचे राहुल बजाज. नाव ऐकून स्कूटर आठवते, ते वेगळे. हे दृष्टिहीन वकील, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला जाऊन आले, आणि मुंबईचे अमर जैन या दुसऱ्या दृष्टिहीन वकिलांसोबत त्यांनी ‘मिशन ॲक्सेसिबिलिटी’ ही सुगमतेसाठी लढणारी संस्था उभी केली. अमर जैन यांची एक याचिका आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांची दुसरी, अशा दोन्हींवर सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ ला एकत्र निकाल दिला. प्रश्न केवायसीचा, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवून घेण्याचा होता. मोबाइलवर केवायसी करताना ‘डोळे मिचकवा’ म्हणतात. ज्यांच्या पापण्याच जळाल्या त्यांनी काय मिचकवायचं? ज्याला पडद्यावरची चौकट दिसत नाही त्यानं चेहरा कुठं धरायचा? न्यायालयानं म्हटलं की डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि २० निर्देश दिले.

दिल्लीतल्या या निकालाचा आमच्या गावाशी काय संबंध, असं वाटेल. कुष्ठरोगातून बरी झालेली म्हातारी माणसं बघा. बोटं झिजलेली. रास्त भावाच्या दुकानात अंगठ्याचं मशीन त्यांना ओळखत नाही. दुकानदार म्हणतो, “आजी, मशीन घेत नाही.” नकार मशीननं दिला, माणसानं नाही. याला काय म्हणायचं, तोंडी की लेखी?

सेवेचा मुलूख

कुष्ठरोगाचा विषय निघाला की विदर्भाची मान ताठ होते, आणि व्हावीच. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीत तपोवन उभं करणारे शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याला बाबा आमटे. फार थोड्या लोकांच्या लक्षात असतं की बाबा आमटे स्वतः वकील होते. हिंगणघाटचा जन्म, १९१४ चा. वरोऱ्यात वकिली केली, मग ती सोडली आणि १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती सुरू केली. भिकेऐवजी काम, हा त्यांचा आग्रह होता, म्हणून आनंदवनात शेती आहे, कारखाने आहेत.

वकीलबाईंना मी एकदा विचारलं, बाबांनी वकिली सोडली आणि तुम्ही वकिली धरून बसलात, हे कसं? त्या म्हणाल्या, “आनंदवन झालं म्हणून आपल्या गावांनी हात झटकले, गुरुजी. तिकडं आहे ना सोय, मग इकडं कशाला. मला माणूस त्याच्याच गावात, त्याच्याच घरात पाहिजे.” त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. गावानं हाकलून दिलेल्यांना आनंदवनानं घेतलं, तेव्हा दुसरं कोण घेत होतं? पण कायद्याची बाजू त्यांच्याकडं आहे. कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागता येईल, ही तरतूद आपल्या विवाहविषयक कायद्यांतून २०१९ मध्ये निघाली. इतकी वर्षं ती होती! १८९८ चा लेपर्स ॲक्ट, जो अशा माणसांना वेगळं कोंडायला सांगत होता, तो रद्द व्हायला २०१६ उजाडलं.

सातबाऱ्यावरचं नाव

टेबलावर येणाऱ्या प्रकरणांत पेन्शन आणि दाखल्यानंतर सगळ्यात जास्त काय येतं, तर वावर. बाप मरतो. तीन भाऊ, त्यातला एक मुका किंवा ‘कमी डोक्याचा’. पटवाऱ्याकडं वारस नोंदीचा अर्ज जातो तेव्हा दोनच नावं लिहिलेली असतात. किंवा तिघांची लावतात, आणि सहा महिन्यांनी तिसऱ्याचा अंगठा हक्कसोडपत्रावर असतो. “त्याले काय समजते? आमीच तर खाऊ घालतो त्याले.” हे म्हणणारे भाऊ दरवेळी वाईट असतात असं नाही. पुष्कळदा खरंच खाऊ घालतात. वहिनी त्याची अंघोळ घालते, कपडे धुते. म्हणून ही प्रकरणं अवघड. पण भाऊ मेल्यावर पुतणे खाऊ घालतील याची हमी कोण देणार, वावर नावावर नसताना?

जुन्या हिंदू कायद्यात आंधळा, बहिरा, पांगळा, महारोगी यांना वारसा नाकारण्याची रीत होती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ नं ती पार मोडली : रोग, व्यंग, विकृती यापैकी कशानंही वारसा जात नाही. गावात मात्र ती रीत अजून जिवंत आहे. २०१६ च्या कायद्याचं कलम १३ आणखी पुढं जातं. दिव्यांगाला मालमत्ता बाळगण्याचा, वारशानं मिळवण्याचा, बँकेचे व्यवहार करण्याचा हक्क इतरांसारखाच आहे. त्याला निर्णय घ्यायला कुणी मदत करत असेल तर करावी, पण एखाद्या व्यवहारात मदत करणाऱ्याचाच स्वार्थ अडकला असेल तर त्या व्यवहारापुरतं त्यानं बाजूला व्हायचं. रक्ताचं नातं आहे एवढ्यावरून स्वार्थ आहे असं धरायचं नाही, हेही तिथंच लिहिलं आहे. म्हणजे भावाला आधीच चोर ठरवलेलं नाही. पण हक्कसोडपत्र भावाच्याच नावानं होत असेल, तर अंगठा धरून उठवणारा हात त्याचा असू नये.

वकीलबाई इथं कोर्टात पळत नाहीत. फेरफाराची नोटीस लागल्यावर हरकत घ्यायला १५ दिवस असतात, त्या मुदतीत साध्या कागदावर हरकत टाकतात, आवक क्रमांक घेतात. हरकत आली की पटवाऱ्याला नोंद परस्पर पुढं ढकलता येत नाही, सुनावणी लावावी लागते. सुनावणीत भाऊ समोरासमोर येतात. निम्म्याहून जास्त वेळा तिथंच मिटतं, कारण गावातल्या माणसाला ‘केस’ नको असते.

कुठं जायचं

तक्रारीच्या जागा पुष्कळ आहेत. राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्यात बसतात. आमच्याकडून पुणे म्हणजे एक रात्र आणि अर्धा दिवस. पण जायची गरज नाही, तक्रार स्पीड पोस्टानं जाते. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी एखाद्या खात्याला शिफारस केली तर खात्यानं तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं. शिफारस मान्य नसेल तर कारणं द्यायची, आयुक्तांना आणि तक्रारदारालाही. हे कलम ८१. वकीलबाईंचं सगळ्यात लाडकं. “नाही म्हण बाबा, पण कारण लिहून म्हण,” हे सरकारनंच कायद्यात घालून ठेवलं आहे, असं त्या म्हणतात.

चारचौघांत मुद्दाम अपमान केला, धमकावलं, मारलं, तर कलम ९२, सहा महिने ते पाच वर्षं. लंगड्या, आंधळ्या, मुक्या ही आपल्याकडं टोपणनावं आहेत, माणूस त्याच नावानं ओ देतो. प्रत्येक वेळी गुन्हा होत नाही, हेतू पाहतात. हे कलम वकीलबाई क्वचितच काढतात. ज्याच्यावर गुन्हा नोंदवायचा त्याच्याच विहिरीवरून पाणी आणायचं असतं.

वकील लावायला पैसे नाहीत, ही अडचण मात्र खरी नाही. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणं दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टातच समितीची खोली असते. १५१०० हा फोन आहे. अगदीच नाइलाज झाला तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका. आमच्या टेबलावरून आजवर तिथं फार थोडी प्रकरणं गेली.

रॅम्पचं म्हणाल, तर जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायची पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठणकावलं की सुगमतेचे नियम ‘जमलं तर करा’ छापाचे चालणार नाहीत, सक्तीचे करा, तीन महिन्यांत. वकिलांची खोली अजून वरच आहे.

एक गोष्ट माझीच सांगायची राहिली. २००० च्या सुमारास एक बाप ऐकू न येणाऱ्या पोराला घेऊन माझ्या शाळेत आला होता. मी चांगल्या शब्दांत सांगितलं, इथं त्याला कळणार नाही, मूकबधिर शाळेत टाका. ती शाळा साठ किलोमीटरवर. १९९५ चा कायदा होता तेव्हा, अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्यातही होता. मला माहीत नव्हता. बाप ‘बरं जी’ म्हणून गेला. आमच्या दाखलखारीज रजिस्टरमध्ये त्या पोराचं नाव नाही, त्यामुळं मी नकार दिला याचाही कुठं पुरावा नाही. तो आता चाळिशीजवळ आला असेल. आठवडी बाजारात एखादा हातवारे करत भाव करताना दिसला की मी निरखून पाहतो.

तर तो थ्रेशरवाला कास्तकार. त्याचा अर्ज आम्ही ग्रामपंचायतीत टाकला. ग्रामसेवकांचं पद आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं आहे, अर्जावर तेच लिहिलं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, पूर्वी ३ होते. त्याचा हवाला दिला. पहिल्या वेळी पोच द्यायला नाही म्हणाले, म्हणून तोच अर्ज स्पीड पोस्टानं, एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. दीड महिना काही नाही. स्मरणपत्र. मग दुसरं.

श्रावणात एक दिवस तो आला. डाव्या हातात घडी घातलेला कागद, तोंड उतरलेलं.

“नामंजूर केलं जी बाई.”

वकीलबाईंनी कागद घेतला. आधी जावक क्रमांक पाहिला, मग तारीख, मग सही आणि शिक्का. सगळ्यात शेवटी मजकूर. ‘सन चालू वर्षाचा दिव्यांग निधी शिल्लक नसल्याने आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’

“शिल्लक नाही म्हणतात,” त्या म्हणाल्या. “म्हणजे होता.”

समोरच्या टपरीवाल्याला त्यांनी तीन चहा सांगितले, कास्तकाराला बसायला स्टूल दिलं आणि ड्रॉवरमधून दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट काढून माझ्यापुढं ठेवलं.

“गुरुजी, माहितीचा अधिकार. लिहा. किती होता, आणि कुठं गेला.”